तेनिंगनं दिलेला मान

सरकारातली खुर्ची कशी काय सुटली, असं कुणी विचारलं की कुतुबो सांबू एकच उत्तर द्यायचा. "एका बाईनं मला मान दिला. तवापासनं खुर्चीत बूड टेकंना."

विचारणारा बाहेरचा असला तर त्याला वाटायचं, म्हाताऱ्याची फिरकी आहे. आमच्या फोनी मुलखातला असला तर तो तोंडावर हात ठेवायचा. "तेनिंगनं? मान दिला?" आणि पुढचं ऐकल्याशिवाय पारावरून हलायचा नाही.

कुतुबो बुतीमा गावचा, जातीचा जोला. शिक्षण मिशनच्या शाळेतल्या चार इयत्तांचं. इंग्रजाच्या अमदानीत तो राजधानीत, बाथर्स्टच्या इस्पितळात फरशी पुसायला लागला. पुसता पुसता मलमपट्टी शिकला आणि ड्रेसर होऊन परत आला. सरकारनं त्याला एक सायकल दिली, एक पत्र्याची पेटी दिली आणि बावीस गावं दिली. पेटीत जांभळं औषध, कुनैन, कात्री, पट्ट्या आणि एक सुई. ती सुई बघून भलेभले शिंगं मोडल्यागत मऊ व्हायचे.

खाडीत कालवं काढताना बायकांचे पाय कापायचे. लांब दांड्याचं फावडं भातखाचरात चालवताना गड्यांच्या अंगठ्यांची साल जायची. कुतुबो यायचा, घाव धुवायचा. माणूस बोलू लागलं की हा मधे तोंड घालायचा नाही. जखम धुवून होईस्तोवर सासूचं गाऱ्हाणं निघायचं, भावकीतला तंटा निघायचा, गाय कुणी चोरली तेही निघायचं. कुतुबो फक्त "हं" म्हणायचा. त्या एका "हं"वर बावीस गावांनी त्याला आपला मानला.

स्वातंत्र्य आलं पासष्ट साली. शहरातल्या पक्षाची माणसं गाडीतून बुतीमात आली आणि पारावर बसून पाटलाला म्हणाली, "आम्हाला फोनीतनं उमेदवार पाहिजे. सगळ्यांना ठाऊक असलेला."

पाटील कोलाचं कडू बी चघळत होता. तो म्हणाला, "सगळ्यांना ठाऊक असलेला म्हंजी? हितं एकच मानूस असा हाय, ज्यानं समद्यांची ढुंगनं बघितल्यात."

असा कुतुबो राजकारणात गेला.

आता तेनिंगचं सांगायला हवं. तेनिंग फाय समुद्रकाठची, सेरेर. बोंगा मासळी धुरी देऊन वाळवायची, टोपलीत भरायची आणि आठवड्याच्या बाजाराला फोनीत आणायची. जोला आणि सेरेर म्हणजे एका होडीतल्या दोन बहिणींची पिलावळ. भर समुद्रात होडी दुभंगली, एक बहीण इकडं लागली, एक तिकडं. तेव्हापासून जोला भेटला की सेरेरानं त्याला शिव्या घालायच्या आणि सेरेर भेटला की जोलानं. तू माझा गुलाम, तू माझी दासी, तू चोर, तू खादाड. राग मात्र धरायचा नाही. राग धरला तर तोच मोठा दोष. हे नातं आईबापाच्या नात्याहून घट्ट. मयताच्या घरातसुद्धा असला पाव्हणा येऊन रडणाऱ्याला हसवून जातो, आणि कुणी त्याला बोल लावत नाही.

त्यांची पहिली गाठ पडली ती धुरीच्या भट्टीवर तेनिंगचा हात भाजला तेव्हा. कुतुबोनं पट्टी उलगडली तशी ती ओरडली, "अगं आई गं! गुलामाच्या हातात माझा हात! आता तीन दिवस अंघोळ करावी लागनार."

"कर की," कुतुबो म्हणाला. "जलमात पहिल्यांदाच हुईल. मासे तरी वळखतील का तुला?"

"भातखाऊ मेला! तुमच्यात पोरगं जलमलं की आईआधी भाताचं पातेलं बघतं."

"आनि तुमच्यातलं पोरगं जलमलं की मांजर मागं लागतं."

पट्टी बांधून झाली. तिनं एक मासा काढून त्याच्या पेटीवर आपटला आणि म्हणाली, "गुलामाला चारल्याबिगर काम करत न्हाई." ती गेली. त्यानंतर वीस वर्षं, दर बाजाराला, हेच. लोक भाजी घ्यायची सोडून त्यांच्याभोवती गोळा व्हायचे.

निवडणूक झाली सहासष्टच्या मे महिन्यात. आमच्याकडं मत म्हणजे काचेची गोटी. पडद्यामागं उमेदवारांची रंगवलेली पिंपं, वर बारकी नळी. गोटी आत टाकली की खाली घंटी ठणकते. एक माणूस, एक ठणका. दोनदा वाजली तर साहेब धावत आत. म्हणून त्या दिवशी मतदानाच्या जागेपाशी सायकल आणायला बंदी असते. कुतुबोच्या हे ध्यानात राहिलं नाही. बावीस गावं सायकलवर पालथी घातलेला गडी तो. आपलं मत टाकायला सायकलवरून आला आणि शाळेच्या दारात सवयीनं दोनदा घंटी वाजवली. आतला अधिकारी किंचाळला, "कोन दोन गोट्या टाकतंय?" आत उभा असलेला म्हातारा बिचारा शपथा घ्यायला लागला.

तेनिंगचं मत समुद्राकडचं, पण मासळी विकायच्या निमित्तानं ती हजर. ती मोठ्यांदा म्हणाली, "सायब, तो दोषी न्हाई. आमचा गुलाम हाय बाहेर. त्याला वाटलं, पिंपात पेशंट बसल्यात."

कुतुबो निवडून आला.

पहिली पाच वर्षं चांगली गेली. दोन विहिरी झाल्या, एक दवाखाना झाला, शाळेवर पत्रे चढले. कुतुबो सभागृहात फार बोलायचा नाही, पण बोलला की बावीस गावांची नावं घेऊन बोलायचा. एकाहत्तर साली मंत्र्याच्या हाताखालचा मदतनीस म्हणून त्याला वर घेतलं. मग जीप आली, ड्रायव्हर आला, टेबलावर घंटी आली. कोट आला. फोनीच्या उन्हात कोट घातलेला माणूस म्हणजे वाफवलेला मासाच. पण कुतुबो घालायचा.

त्याच्या ध्यानात न येता एक गोष्ट झाली. लोक त्याला काही सांगेनासे झाले. जीप थांबली की माणसं उठून उभी राहायची. "कसं काय चाललंय?" विचारलं की "आपल्या कृपेनं ब्येस." गाऱ्हाणं नाही, भांडण नाही, चोरीची गाय नाही. कुतुबोला वाटलं, लोक सुखी झाले. जीपमधून बघितल्यावर कुणालाही तसंच वाटतं.

बायको सिरा तेवढी एकदा म्हणाली, "पयलं तुमी ऐकायचा. हल्ली भाषन देता. परवा रातच्या जेवनाला मला 'बंधू आनि भगिनींनो' म्हनलात."

आता रस्ता. बुतीमा आणि मोठ्या सडकेच्या मधे खाडी आहे. पावसाळ्यात पलीकडं जायचं तर खोड कोरून केलेली होडी. कुतुबो ड्रेसर होता तेव्हा एक अडलेली बाई त्यानं त्या होडीतून न्यायला घेतली होती. बाळ आडवं आलेलं. ओहोटी लागली, होडी चिखलात रुतली. तिवरांच्या मधे, गुडघाभर गाळात उभा राहून त्यानं त्या बाईचा हात धरला होता. हात गार होईस्तोवर सोडला नव्हता. तिचं नाव तो कधी घेत नसे. पण सत्ता हातात आल्यावर त्यानं पहिला कागद केला तो ह्या खाडीवरच्या रस्त्याचा.

पुलाला पैसा नव्हता. गोरा इंजिनेर ऐन उन्हाळ्यात आला, काठी रोवून बघितली आणि म्हणाला, "पूल कशाला? दोन्हीकडून मुरुमाचा भराव टाकू, मधे मिळवू. सरळ बंधारा आणि वरून रस्ता." कुतुबोनं सही केली. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या सही करताना.

काम सुरू झालं. दोन्ही काठांनी लाल मुरुमाचे हात खाडीत पुढं सरकू लागले. बाजारात तेनिंगनं टोपली खाली ठेवली आणि हाक मारली, "ए गुलामा! बुतीमाच्या बायांना सांग, आता भात पेरू नका म्हनावं. मीठ पेरा. मी इकत घीन, मासळीला लावायला."

"मीठ कशाला? सेरेरांची अक्कल पेरतो," कुतुबो म्हणाला. "तसंबी काय उगवनार न्हाई."

लोक पोट धरून हसले. तेनिंगही हसली, पण अर्धीच.

पुढच्या बाजाराला तिनं पदराच्या गाठीतून मातीचं ढेकूळ काढलं. वर पांढरी बुरशी चढल्यागत खवले. ते त्याच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "घे, तुझ्या रस्त्याच्या लगनाची साखर. आईच्या गावावरनं आनलीय. चाट."

"दासीच्या हातचं मी खात न्हाई," असं म्हणून कुतुबोनं ढेकूळ फेकून दिलं. लोक पुन्हा हसले.

असं चार बाजार चाललं. ती म्हणायची, तुझ्या खाचरात मगरी नांगर धरतील. तो म्हणायचा, मगरी नाहीत, तुझे भाऊच असतील. ती म्हणायची, पुढच्या वर्षी जोला भात विसरून गवत खाईल. तो म्हणायचा, तुम्ही शिकवा, तुम्हाला सवय आहे. जोलानं सेरेराच्या शिवीचा अर्थ लावत बसायचं नसतं, उलटी शिवी द्यायची असते. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. कुतुबोचं काय चुकलं म्हणायचं? आमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं.

भराव मिळायला चाळीस हात उरले. तोवर काम थांबवायचं, मंत्री येणार, ह्या शेवटच्या भरावाची पाटी टाकणार, ढोल वाजणार, असं ठरलं. आठ दिवस आधी बाजार होता. कुतुबो जीपमधून उतरला. समोरून तेनिंग येताना दिसली तसा त्यानं घसा साफ केला. बाथर्स्टहून येताना वाटेत त्यानं एक खास शिवी जुळवली होती, तिच्या आज्याच्या होडीवरनं. लोक सरकून जवळ आले.

तेनिंगनं टोपली खाली उतरवली. वस्त्र सारखं केलं. गुडघा वाकवला, मान खाली घातली आणि म्हणाली, "सलाम, साहेब."

कुतुबोची शिवी घशातच राहिली.

"काय गं? ताप हाय का अंगात?"

"न्हाई, साहेब. आपल्या कृपेनं बरी हाय. घरची मंडळी खुशाल हायत न्हवं?"

मिरच्या मोजणारी बाई मोजता मोजता थांबली. कुणीतरी मागं पुटपुटलं, "आता ग बया, कोन मेलं?" आमच्यात अशी थट्टेची सोयरी अदबीनं बोलली, तर घराला आग लागली तरी बरी.

कुतुबो दबक्या आवाजात म्हणाला, "तेनिंग, माझं काय चुकलं का?"

"आपलं कसं चुकंल, साहेब? आपन मोठी मानसं. आमचं बोलनं म्हंजी थट्टा. थट्टेला काय कुनी कान देतं?" तिनं टोपली उचलली. "येते, साहेब. दया असू द्या."

ती चालू लागली. कुतुबो जीपपाशी उभा. कोटाच्या आत घाम पाठीवरून उतरत होता. आठवडाभर ड्रायव्हर, इंजिनेर, पाटील सगळ्यांनी त्याला साहेब म्हटलं होतं आणि त्याला गोड लागलं होतं. आता हा एकच शब्द त्याला चावला. ड्रेसर असताना तो एक गोष्ट शिकला होता. बोंबलणाऱ्या माणसाची काळजी करू नये. जखम असून जो ओरडत नाही, त्याच्याकडं आधी धावावं.

तो धावला. कोट जीपमध्ये टाकून, बाजार बघतोय हे बघूनही धावला. बाईच्या मागं लागावं तसा नाही, पोर हरवल्यागत. काटेसावरीच्या झाडाखाली तिला गाठली आणि तिच्यासमोर मातीतच बसला.

"शिवी दे," तो म्हणाला. "पाया पडतो, शिवी दे. आनि मग सांग."

"आदी सांगते," तेनिंग म्हणाली. "शिव्या कुठं जात्यात."

तिच्या आईचं गाव सालूमच्या खाडीवर, हद्दीपलीकडं. तिथंही असाच रस्ता झाला, असाच भराव, मधे फट न ठेवता. पहिल्या वर्षी लोक नाचले. दुसऱ्या वर्षी खाडीचं आतलं अंग वाळलं, तिवरं करपली. भरतीचं पाणी यायचं बंद, तसं ओहोटीचं जायचंही बंद. पावसानं खाचरातलं मीठ धुतलं, पण धुतलेलं मीठ जाणार कुठं? आतच बसलं. जमीन आंबली, पाणी गंजागत लाल झालं. तिसऱ्या वर्षी लावणीचं रोप आठ दिवसांत पिवळं पडलं. चौथ्या वर्षी बायका लावणीला गेल्याच नाहीत. तिची आई दुसऱ्याच्या दारात भात मागून खाऊन मेली.

"ते ढेकूळ तिच्या खाचरातलं हुतं," तेनिंग म्हणाली. "तुला चाट म्हनलं, तू फेकलंस."

"मला वाटलं, थट्टा."

"थट्टाच हुती की. मला दुसरं बोलता कुठं येतंय तुझ्यासंगं? तुझ्या गावातलं कोनच तुला सांगंना. म्हनलं, मला तर शिव्या घालायचा हक्क हाय. शिवीत घालून सांगितलं. तरीबी तुझ्या टकुऱ्यात शिरंना. मग शेवटचा उपाव केला. तुला साहेब म्हनताना माझ्या जिभेला फोड आला असंल, बघ जरा, ड्रेसर हायस न्हवं तू?"

कुतुबो गावात गेला आणि सिराला घेऊन खाडीच्या आतल्या अंगाला उतरला. चपला काढून. भराव अजून मिळाला नव्हता, पण पाण्याची ओढ निम्म्यावर आलेली. कडेचा गाळ तडकला होता. तडकीत पांढरं चमकत होतं. एका खळग्यात पाणी साचलं होतं, त्यावर तांबडा तवंग. कुतुबोनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. लिंबाहून आंबट.

"तुला ठावं हुतं?" त्यानं सिराला विचारलं.

"समद्या बायांना ठावं हाय. आमी काय डोळे मिटून चिखुल तुडवतो?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. तुमी म्हनलात, इंजिनेर शिकल्याला हाय. मग मी गप बसले. तुमच्या म्होरं पाटील गप बसतो, मी कोन?"

बुतीमाच्या पाचशे माणसांचं वर्षाचं पोट त्या खाचरात होतं. बायका लावतात, बायका कापतात, आणि कोठीची किल्लीही बायकांकडंच. कुतुबो त्या गाळात उभा राहिला. आणि तो गाळ तर तोच होता, त्या अडलेल्या बाईचा हात त्यानं जिथं धरला होता. रस्ता नाही झाला तर अशी आणखी एखादी मरेल. रस्ता झाला तर सगळ्यांच्या कोठ्या रिकाम्या.

तो शहरात गेला. मंत्र्याला म्हणाला, मधे पूल द्या. मंत्री वाईट माणूस नव्हता. त्यानं कागद पुढं सरकवला. "कुतुबो, पैसा संपला. पूल मागितलास तर तो पाच वर्षांनी. रस्ता मात्र शुक्रवारनंतर महिन्याभरात पुरा होतो. सही तुझी, मागणी तुझी. आता मागं फिरलास तर मी वरच्यांना काय तोंड दाखवू? निवडणूक वर्षावर आलीय."

शुक्रवारी ढोल वाजले. मंत्री आला, फोटोवाला आला. पहिला मान कुतुबोचा म्हणून मुरुमाची भरलेली पाटी त्याच्या हातात दिली. भरावाच्या टोकावर तो उभा राहिला. खाली चाळीस हातांच्या फटीतून भरतीचं पाणी जोर करून आत शिरत होतं. पाणी आत जाताना आवाज करतं. तो आवाज त्यानं जीपमधून कधी ऐकला नव्हता.

त्यानं पाटी भरावावरच रिकामी केली, पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

"मी हितनं उठनार न्हाई," तो म्हणाला. "ही फट अशीच ऱ्हाईल. चूक माझी हाय. इंजिनेरची न्हाई, मंत्रिसाहेबांची न्हाई. मी न इचारता सही केली. ज्यांचं भात हाय त्यांना मी इचारलं न्हाई."

मंत्र्याचा चेहरा खजुरागत झाला. गावातली तरणी पोरं चिडली. एकजण ओरडला, "आनि मानूस आजारी पडलं तर? पुन्यांदा होडीत मरायचं व्हय?"

"न्हाई," कुतुबो म्हणाला. "त्याचंबी बघू. पन भात मारून न्हाई."

मागं उभ्या असलेल्या बायकांतून सिरा पुढं आली आणि नवऱ्याशेजारी मुरुमात बसली. मग आणखी एक. मग सगळ्या. मंत्री थोडा वेळ घड्याळ बघत राहिला आणि निघून गेला. ढोलवाल्यांना काय करावं कळेना, म्हणून ते वाजवत राहिले.

पुढं जे व्हायचं ते झालं. महिन्याभरात जीप परत गेली. पुढच्या निवडणुकीत पक्षानं दुसऱ्याला उभा केला. कुतुबोनं त्याच्या विरोधात अर्ज भरला नाही. "माझी सही चुकली हुती," तो म्हणायचा. "त्याची किंमत एक खुर्ची. स्वस्तात सुटलो."

गावानं मात्र त्याला सोडलं नाही. भरावाचे दोन हात तयारच होते. बायकांनी आणि गड्यांनी मिळून ते आणखी दोन ठिकाणी फोडले, पाण्याला मोकळी वाट केली आणि त्या फटींवर, मधल्या चाळीस हातांवर खांब रोवून, ताडाची खोडं टाकली. ताडाला खारं पाणी काही करत नाही. कुतुबोनं बावीस गावांना शब्द टाकला. ज्या ज्या गावात त्यानं कुणाचा पाय शिवला होता, त्या गावानं एकेक ताड दिला. जीप त्यावरून जात नाही, पण खाट खांद्यावर घेतलेले चार गडी जातात आणि सायकल जाते. पहिल्या पावसाळ्यात त्या खोडांवरून तीन अडलेल्या बायका पलीकडं गेल्या. तिघीही बाळं घेऊन परत आल्या. कुतुबो त्या तिघींच्या खाटेबरोबर पेटी घेऊन चालला होता. आरोग्य खात्यानं त्याला ड्रेसर म्हणून परत घेतलं, आणि आता त्याच्या वरचा साहेब त्याच्याच हाताखाली शिकलेला होता. त्याला अवघडल्यागत व्हायचं. कुतुबोला नाही.

कापणी झाली. भात चांगलं आलं होतं. कुतुबो आणि सिरानं नव्या तांदळाची टोपली भरली आणि दोघं समुद्राकडं निघाली. तेनिंगचे आभार मानायचे होते. आता हे सोपं वाटतं, पण थट्टेच्या सोयऱ्याचे आभार कसे मानायचे, हे आमच्यात कुणाला ठाऊक नाही, कारण कुणी मानतच नाही. वाटभर कुतुबो शब्द जुळवत होता. सिरा म्हणाली, "बंधू आनि भगिनींनो म्हनू नका म्हंजी झालं."

भट्ट्यांवर धूर होता. तेनिंग मासे लावत होती. तिच्या भोवती सात-आठ बायका. कुतुबोनं टोपली खाली ठेवली, टोपी काढली आणि हात जोडून म्हणाला, "तेनिंगबाई, आपले उपकार..."

तेनिंगच्या हातातला मासा खाली पडला.

"कोन मेलं?" ती म्हणाली. "सिरा तर हितं हाय. कोन मेलं, कुतुबो? पोरगं?"

"कोनी न्हाई मेलं! अगं, मी..."

"मग बाई कशाला म्हनतोस, मुडद्या! काळीज थांबलं माझं!"

बायका फिदीफिदी हसायला लागल्या. कुतुबोला घाम फुटला. त्यानं सिराकडं बघितलं, सिरानं समुद्राकडं बघितलं. शेवटी तो म्हणाला, "दासीला उपाशी ठेवू नये म्हनून मालकानं तांदूळ आनलाय. मासे खाऊन खाऊन तुझ्या पाठीला खवलं फुटल्यात. मानसाचं अन्न खा जरा."

तेनिंगनं टोपलीत हात घातला. मूठभर तांदूळ उचलला, फुंकर मारली, दोन दाणे दाताखाली धरून बराच वेळ चावत राहिली.

"खारट न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई," कुतुबो म्हणाला.

तिनं उरलेले दाणे टोपलीत परत टाकले, एकही खाली न सांडता. मग टोपली पायानं आपल्या झोपडीकडं ढकलली आणि धुराकडं वळली.

"मग हुबा काय ऱ्हायलास, भातखाऊ? तिकडची बाजू करपाय लागलीय. आयतं जेवाय आलास व्हय? ते मासे उलथ."

सिरा आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. एकेकाळच्या मंत्रिसाहेबांच्या मदतनिसानं बाह्या वर सारल्या आणि धुरात डोळे बारीक करून एकेक मासा उलथायला सुरुवात केली. हात सुईला सरावलेला होता. एकाचंही कातडं फाटलं नाही.